सदतीस अंशांवरचा ठिपका

सुवर्णाच्या यीस्टमध्ये खोट होती. पेशीच्या पटलावर प्रथिनं रोवून ठेवणारी खुंटी त्याला घडवता येत नसे, कारण ती घडवणारं जनुकच बिघडलेलं. पंचवीस अंशांवर ते कसंबसं जगे, सदतीसवर मरे. नाशिकच्या कॉलेजात १९९६ पासून दोन वर्षं ती त्यात धडधाकट यीस्टच्या जनुकांचे तुकडे घालत होती. ज्या तुकड्यानं ते सदतीसवर तगेल, त्यातच हवं ते जनुक, असा साधा हिशोब.

मार्चमध्ये सदतीसवर ठेवलेल्या एका काचेच्या बशीत तगलेल्या यीस्टचा पांढरा ठिपका उगवला. तिच्या मार्गदर्शक सरांनी लगेच पेढे मागवले. सुवर्णाला मात्र चैन पडेना. तिनं ठिपक्यातल्या यीस्टमधून तो तुकडा काढून टाकला आणि ते पुन्हा सदतीसवर ठेवलं. आता ते मरायला हवं होतं. ते मजेत वाढलं. म्हणजे ते तिचं यीस्ट नव्हतंच. पेढे तेवढे संपले होते.

तिची नजर प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या द्राक्षांच्या पेटीवर गेली. बागेतली पहिली द्राक्षं गुरुजींना द्यायची, ही पिंपळगावच्या घरची रीत तिनंच पाळली होती, आणि घड वाटून त्याच हातांनी बशा उघडल्या होत्या. द्राक्षाच्या सालीवर यीस्ट असतंच, हे ती पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवत असे.

संध्याकाळी रोजच्या एसटीनं ती घरी परतली, तेव्हा बागेत वडिलांनी विचारलं, "घावलं का गं तुझं ते?"

"घावलं अण्णा. पण आपल्याच बागेतलं निघालं."

अण्णांची कात्री थांबली नाही. "मंग दोन वर्सं येष्टीनं कुठं जात व्हती?"