नऊ नंबरची दांडी

थिएटरच्या छताखाली, रंगमंचाच्या बरोबर डोक्यावर, लोखंडी दांड्यांची रांग टांगलेली होती. पडदे, खिडक्या, ढग, राजवाडे, जे काही वरून खाली यायचं ते या दांड्यांना बांधलेलं असे. प्रत्येक दांडीचा दोर बाजूच्या भिंतीपाशी जाई आणि तिथं त्याच्या दुसऱ्या टोकाला एक लोखंडी पाळणा असे. दांडीवर जेवढं वजन, तेवढेच ठोकळे पाळण्यात. बरोबरी साधली की मग हत्तीएवढा राजवाडासुद्धा एका हाताने खाली-वर होई. नाही साधली, तर दोर तळहाताची सालटी काढून निघून जाई.

हे काम आधी अण्णा करायचे. भिंतीलगतच्या अरुंद माळ्यावर त्यांचं अख्खं आयुष्य गेलं. काम सुटलं ते दुखण्यानं, आणि थोड्याच दिवसांत ते गेले. त्यांच्या जागी त्यांची थोरली मुलगी आली. तिला सगळे ताई म्हणत. लहानपणापासून ती या माळ्यावर खेळलेली, त्यामुळे तिला काही शिकवावं लागलं नाही.

शिकण्यासारखं होतं ते हिशेबाचंच. ठोकळे जुन्या काळातले, त्यांच्यावर स्टोनचे आकडे कोरलेले. मोठा ठोकळा दोन स्टोनचा, मधला एकाचा, आणि पौंडापौंडाच्या चकत्या. सुतार मात्र वजन सांगायचा हंड्रेडवेटमध्ये. नाव हंड्रेडवेट, पण भरतं एकशे बारा पौंड. त्याचा पाव भाग म्हणजे क्वार्टर, अठ्ठावीस पौंड. आणि चौदा पौंडांचा एक स्टोन. सुतार खालून ओरडायचा, "जंगलाचा पडदा! एक हंड्रेडवेट, दोन क्वार्टर, दहा पौंड!" त्याचं वाक्य संपेपर्यंत ताईच्या डोक्यात उत्तर तयार असे: बारा स्टोन दहा पौंड. तेवढे ठोकळे ती पाळण्यात रचून मोकळी होई.

त्या दिवशी जंगलाचा पडदा नऊ नंबरच्या दांडीला बांधला. ताईनं बारा स्टोन दहा पौंड रचले, दोर अडवून धरणारा खटका सोडला, आणि दोर तिच्या हातातून सर्रकन वर गेला. दांडी धाडकन खाली आली. खाली कोणी नव्हतं म्हणून बरं.

"काय गं, झोप लागली का?" खालून बिगुल ओरडला. बिगुल म्हणजे थिएटरचा व्यवस्थापक. त्याचा आवाज असा की तो कुजबुजला तरी शेवटच्या रांगेत ऐकू जाई, म्हणून हे नाव.

ताईनं ठोकळे वाढवत नेले. बावीस स्टोन एक पौंड झाले तेव्हा कुठं दांडी थांबली. म्हणजे नऊ स्टोन पाच पौंड जास्तीचे.

तिला वाटलं, सुताराचं काहीतरी चुकलं. काही ठिकाणी हंड्रेडवेट नुसतं शंभर पौंडांचं धरतात, तो तिकडचा हिशेब करत असेल. पण तसं असतं तर पडदा हलका निघाला असता, जड नव्हे. तिनं पडदा सोडवून आठ नंबरला बांधला. बारा स्टोन दहा पौंडांवर दांडी जागच्या जागी उभी राहिली. मग नऊ नंबरला राजवाड्याची खिडकी लावली, बरोबर चार स्टोनची. दांडीनं तेरा स्टोन पाच पौंड मागितले. शेवटी तिनं दांडी रिकामी केली. रिकामी दांडी रिकाम्या पाळण्याशी तोललेली असे, तिला काहीच लागायला नको होतं. तिला नऊ स्टोन पाच पौंड लागले.

मिस्त्री आला. त्यानं चाकं उतरवली, दोर बदलला, तेल घातलं. "चाक अडत असेल तर दोन्हीकडं अडेल," तो डोकं खाजवत म्हणाला. "हे एकाच बाजूला ओढतंय. जसं काही वर कोणीतरी बसलंय."

तो सहज बोलून गेला. ताईनं मात्र त्या दिवसापासून नऊ नंबरकडं मान वर करून बघायचं टाळलं.

घरी आई कपाट आवरत होती. अण्णांचा कोट तिनं बाहेर काढला, झटकला, पुन्हा खुंटीला अडकवला. द्यायचा म्हणून रोज काढायची आणि रोज ठेवायची.

"शेवटी शेवटी खांद्यावरून घसरायचा हा," आई म्हणाली. "राहिलं काय होतं अंगात? दवाखान्यात काट्यावर उभं केलं तर एकशे एकतीस पौंड. नर्सनं दोनदा बघितलं."

ताई चहा पीत होती. सवयीनं तिच्या डोक्यात चाक फिरलं. चौदा नव्वे एकशे सव्वीस. उरले पाच.

कप तिनं हळूच खाली ठेवला.

"काय झालं?"

"काही नाही," ताई म्हणाली. पण आईपासून काय लपणार? आईनं कपाटाचं दार लावलं, समोर येऊन बसली आणि सगळं काढून घेतलं. ऐकून झाल्यावर ती रडली नाही, की वेड लागलं का, असंही म्हणाली नाही. उठून कोटाची कॉलर सरळ केली.

"तरीच घरी फिरकले नाहीत," एवढंच म्हणाली.

पुढं ताईनं ते अंगवळणी पाडून घेतलं. नऊ नंबरच्या पाळण्यात नऊ स्टोन पाच पौंड कायमचे ठेवले आणि त्यावर बाकीचा हिशेब मांडू लागली. कामाच्या वेळी मानेवर कोणाची तरी नजर आहे असं वाटे. गाठ सैल बसली की वरून दांडी किंचित करकरे. ती मुकाट्यानं गाठ पुन्हा बांधी. भीती होती, पण एकटं मात्र वाटत नसे.

मग नवं नाटक आलं. त्यात एक नटी चंद्रकोरीवर बसून आकाशातून उतरणार होती. कोर तीन स्टोनची, नटी आठ स्टोन दोन पौंडांची. बिगुलनं सांगून टाकलं, "नऊ नंबर. बरोबर मध्यावर तीच आहे."

"त्या दांडीवर माणूस नको," ताई म्हणाली.

"का? दोर नवा, चाकं नवी. मिस्त्रीनं हात लावून पाहिलंय सगळं."

"दुसरी कुठलीही द्या."

"बाकीच्या भरलेल्या आहेत. कारण सांग, बदलतो."

कारण काय सांगणार? नटी मध्यावर असताना अण्णा उठले, तर पाळणा एकशे एकतीस पौंडांनी जड होईल आणि ती पोरगी कोरीसकट छतावर जाऊन आदळेल. हे बिगुलला सांगितलं असतं तर त्यानं ताईलाच घरी पाठवलं असतं, आणि दोर कुणा नवख्याच्या हाती दिला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे जेवायला गेले असताना, ताई आईला घेऊन आली. आई उभ्या जन्मात थिएटरात आली नव्हती. "ती माझी सवत आहे, तिच्या दारात मी कशाला जाऊ?" असं म्हणायची. आज ती प्रेक्षकांच्या खुर्च्यांमधल्या चिंचोळ्या वाटेनं पुढं आली, पायऱ्या चढून रंगमंचावर उभी राहिली आणि वर पाहिलं. वर अंधारात दांडी होती. दुसरं काही नव्हतं.

ताई माळ्यावर चढली, खटका सोडला आणि दोर हलकेच धरून राहिली.

"अहो," आई म्हणाली. "मी आलेय."

ती दोन पावलं पुढं सरकली.

"किती वर्षं म्हणायचात, एकदा येऊन बघ तरी. बघितलं. छान आहे. आता चला. पोरीला तिचं काम करू द्या. तिथं बसून पाय लोंबकळवायचं हे काय वय आहे?" मग थोडं थांबून, खालच्या आवाजात, "मला घरात करमत नाही हो."

काहीच झालं नाही. आईनं इकडंतिकडं बघितलं, रंगमंचावरच्याच एका खुर्चीवर बसली, पदर सावरला आणि वाट बघू लागली, दवाखान्यात बसायची तशी.

ताईच्या हातात दोर थरथरला. आधी नुसता, मग जोरात. पाळणा खाली धावू लागला. तिनं सगळं अंग टाकून दोर धरला, खटका लावला. मग ठोकळे काढू लागली. दोन स्टोनचे चार. एक स्टोनचा एक. चकत्या पाच. खटका पुन्हा सोडला तेव्हा रिकामी दांडी हवेत निवांत उभी होती.

तिनं खाली वाकून बघितलं. आई दाराकडं निघाली होती. त्या चिंचोळ्या वाटेनं ती जरा अंग चोरून, एका कडेनं चालत होती, शेजारी कोणाला तरी जागा ठेवून.

नाटक झालं. नटीला बसवण्याआधी ताईनं तिच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या पुन्हा पुन्हा खाली-वर करून पाहिल्या. अकरा स्टोन दोन पौंड, चकतीभरही फरक नाही. पडदा पडल्यावर बिगुल म्हणाला, "उगाच घाबरवलंस मला." तिनं मान हलवली.

आता माळ्यावर कसली भीती नव्हती. गाठ सैल राहिली तरी काही करकरत नसे. काम सुरू करण्याआधी ताई न चुकता नऊ नंबरचा खटका सोडून बघे, आणि दांडी हलली नाही की तिला चुकल्याचुकल्यासारखं होई.

घरी आईनं कोट देण्याचा विषय काढला नाही. ती पुन्हा पलंगाच्या भिंतीकडच्या अर्ध्या भागात झोपू लागली. संध्याकाळी तिच्या खोलीचं दार लोटलेलं असे आणि आतून तिचं बोलणं ऐकू येई: भाजी महागली, शेजारीण पडली, नळाला पाणी नाही. मध्येच थांबे, आणि पुन्हा बोलू लागे.

एकदा ताईनं न राहवून विचारलं, "आई, अण्णा काही बोलतात का गं?"

"आधी तरी कुठं बोलायचे?" आई म्हणाली, आणि उशीला अभ्रा घालू लागली. एक घातला, मग दुसरा.