कागदावर चौदा

मंगळवार, ४ मार्च, दुपारचे बारा चाळीस. दक्षिण कोरियातल्या मोक्पो शहरात नव्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या दिवशी एक शाळा लवकर सुटली होती. सायकलींच्या शेडमागे ग्युवॉननं वर्गमित्र सहुनच्या डोक्यात आग विझवायचा सिलेंडर घातला. सहुन पडल्यावर आणखी चार वेळा. तिसऱ्या फटक्याला हाड मोडल्याचा आवाज एका मुलाच्या मोबाइलमधल्या व्हिडिओत ऐकू येतो. त्याआधीचं बोलणंही.

"बापासारखा हात उचलतोस, का नुसताच भुंकतोस?" सहुन हसत होता.

"मार खाशील."

"मग पोलीस येतील, शहाण्या."

"येऊ देत. अजून पाच दिवस तेराचाच आहे मी."

चौदा पूर्ण नसतील तर खटला नाही. फार तर सुधारगृहात दोन वर्षं. हे शाळेतल्या सगळ्यांना पाठ असतं. ग्युवॉनची आजी माल्सुन त्याच्या वाढदिवसाला समुद्रशेवाळाचं सूप करते, चांद्र पंचांगाच्या दुसऱ्या महिन्यातल्या दहाव्या दिवशी. यंदा तो दिवस ९ मार्चला येत होता.

पोलीस ठाण्यात ना आडनावाच्या तपास अधिकाऱ्यांनी स्क्रीन ग्युवॉनकडे वळवला. जन्म : १० फेब्रुवारी.

"चौदा होऊन बावीस दिवस झाले तुला."

"ती चांद्र तारीख आहे!" तोवर जांभया देणाऱ्या ग्युवॉनचा आवाज फाटला. "आजीला विचारा ना!"

आजी दुसऱ्या दिवशी बेटावरून पहिल्या बोटीनं आली.

"जन्मनोंदीच्या कारकुनानं तारीख विचारली, मी आमची सांगितली, दुसऱ्या महिन्याची दहा. त्यानं फेब्रुवारी लिहिला. बेटावर सगळे तसंच करायचे, साहेब."

"दवाखान्याचा कागद?"

"वादळ होतं. बोट बंद. घरातच झाला."

तिनं गाठोड्यातून त्या वर्षाचं भरती-ओहोटीचं कॅलेंडर काढलं. १४ मार्चच्या चौकटीत, चांद्र तारखेच्या बारीक दहाशेजारी, शाईनं लिहिलं होतं : नातू.

"म्हणजे मारलं तेव्हा तो तेराचाच होता," आजी म्हणाली. " दहा दिवस कमी होते."

ना साहेब पानं मागेपुढे करत राहिले. जानेवारीत सात फुल्या. फेब्रुवारीत अकरा.

"या कसल्या?"

"माझा मुलगा सुनेला मारायचा, ते दिवस."

"पोटुशी असताना?"

"पोटावरच मारायचा."

"आणि तुम्ही काय करत होता, आजी?"

"फुली मारायचे."

कॅलेंडर फाइलला लागलं. मेंदूच्या डॉक्टरांनी ग्युवॉनला तपासून लिहिलं : सहाव्या वर्षी कपाळाचं हाड मोडल्याची जुनी खूण, राग आवरण्याची क्षमता कमी. शाळेच्या समुपदेशिकेनं लिहिलं : बापाची मारहाण, आई परागंदा, तीन तक्रारी, एकही गृहभेट नाही. ना साहेबांनी दोन्ही कागद एकाच पिनेत अडकवले. ग्युवॉनवर खटला चालणार की नाही, ते मात्र तारखेवर होतं.

कॉरिडॉरमध्ये सहुनच्या आईनं आजीचा दंड धरला, तिला भिंतीवर आपटलं.

"तुझं पोर दहा दिवसांनी लहान आहे म्हणे! मग माझ्या पोराची कवटी दहा दिवस कमी फुटली का गं, म्हातारे?"

आजीच्या भुवईतून रक्त आलं. तिनं तक्रार दिली नाही.

९ मार्चला तिनं थर्मासमधून सूप आणलं. बाहेरचं अन्न चालत नाही म्हणून कोठडीच्या फाटकावरूनच तिला परत पाठवलं.

'नातू' हा शब्द तेव्हाच लिहिला की आत्ता, हे ठरवायला सरकारी वकिलांनी कॅलेंडर शाईच्या तपासणीला धाडलं आहे. २७ मार्चच्या सकाळपर्यंत अहवाल आलेला नाही. दोन शस्त्रक्रियांनंतरही सहुन शुद्धीवर नाही.