मामींच्या गोळीचा सौदा

भांडण पेटलं ते औषधाच्या दुकानाच्या पायरीवर, आणि मी मधे सापडलो कारण गाडी माझी होती. म्हशीवाले मामा माझे शेजारी. चाळीस वर्षं म्हशींची खरेदी-विक्री केलेला माणूस, जनावराचे दात बघून वय सांगणारा. मामींना रक्तदाबाची गोळी रोज लागते आणि ती संपून चार दिवस झाले होते. सकाळी भोवळ येऊन त्या गोठ्यातच बसल्या, तेव्हा कुठे मामांनी मला हाक मारली.

दुकानातल्या बाईंनी नेहमीच्या डबीचे आठशे सांगितले. भाव पुन्हा वाढला होता. विमा आहे का, असंही विचारलं. मामा छाती काढून म्हणाले, आहे की, चारही म्हशींचा आहे.

"आणि यांचा?"

मामा फळीवरच्या बाटल्या बघायला लागले. मामी मला म्हणाल्या, "माझ्या कानाला म्हशींसारखा विम्याचा बिल्ला नाही ना, म्हणून राहिला."

बाई भल्या होत्या. त्यांनी दुसरं पाकीट पुढे केलं. तेच औषध, तेवढीच ताकद, फक्त कंपनीचं मोठं नाव नाही, म्हणून महिन्याचे नव्वद. दुसरा कुणी हरखून गेला असता. मामांनी पाकीट उलटंसुलटं केलं, कानाशी नेऊन हलवलं, ठेवून दिलं आणि तडक बाहेर आले.

"मी तोंड उघडायच्या आधी आठशेचे नव्वद झाले," ते पायरीवर बसत म्हणाले. "असं जनावर मी दावणीला बांधत नाही. आणि ही तर..." त्यांनी मामींकडे बघितलं. "हिच्या पोटात खोटं औषध घालू का मी?"

मामी म्हणाल्या, "खऱ्याला पैसे नाहीत, खोट्याला तुमची तयारी नाही. मग काय घालता, पेंड?"

मामांनी धाकटी म्हैस विकायची भाषा सुरू केली. म्हैस विकली जाईपर्यंत आठवडा जाणार, आणि गोळी तर आजच हवी होती. मला मामांचा राग आला आणि कीवही आली. मामी मात्र शांतपणे उठल्या, पाणी पिऊन येते म्हणून आत गेल्या आणि जरा वेळाने परत आल्या.

"अहो, बाई म्हणतात मघाशी भाव चुकून सांगितला. ते पाकीट चारशेचं आहे."

मामांचे डोळे चमकले. बाह्या सरसावून ते आत शिरले. मग अर्धा तास मी म्हशींचा बाजार पाहिला. पाकिटाचा कोपरा दुमडलाय म्हणून झालं, गोळ्यांचा रंग फिका म्हणून झालं, दोनदा दारापर्यंत जाऊन परतणं झालं. बाईही काही कमी नव्हत्या. भावाची एकेक पायरी उतरताना असा सुस्कारा टाकत की मलाच वाईट वाटलं. शेवटी ऐंशीला सौदा ठरला.

मामींनी तिथेच नळाच्या पाण्याबरोबर एक गोळी गिळली.

"माल खरा आहे," मामा माझ्या कानात म्हणाले. "सोडताना बाईचा जीव बघितलास ना कसा होत होता?"

ते गाडीकडे गेले. मामींनी कमरेची पिशवी काढली, दहाची नोट बाईंच्या हातात ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

त्यानंतर मामींना भोवळ आलेली नाही. मामा दर महिन्याला मोठ्या हौसेने सौद्याला जातात. मागच्या खेपेला त्यांनी गोळी पन्नासवर आणली आणि आठवडाभर गल्लीत सांगत फिरले. वरचे चाळीस मामींनी अंडी विकून भरले.

परवा कोंबड्यांना दाणे टाकता टाकता त्या मला म्हणाल्या, "आणखी दोन कोंबड्या बघून ठेव रे. हे आता गोळी फुकट आणणार, असं दिसतंय."