डाव्या अंगाचा बैल

"बन्सीभाऊ, हा चौथा बैल. तुमाला बैल घ्यायचाय का सोयरीक जुळवायचीय?" छावणीच्या बाजारातला दलाल बद्रीनाथ वैतागला.

"शिंगं बरी नायत याची," बन्सी म्हणाला.

शिंगं चांगली होती. आधीच्या तिघांचे दातही चांगलेच होते.

गावात, शेंद्र्यात, बन्सीच्या घरची वाटणी झाली तेव्हा पंचांनी चोख न्याय केला होता. दोन भाऊ, बैलांची एक जोडी. एकेकाला एकेक बैल. एका बैलानं नांगर चालत नाही, हे साऱ्यांच्या मागाहून ध्यानात आलं. तेव्हापासून हंगामाला धाकटा फकिरा आपला बैल घेऊन बन्सीच्या रानात येई, दिवसभर एका शब्दानं बोलत नसे. मग बन्सी त्याच्या रानात जाई. पोलीस ॲक्शनच्या साली दोघांनी रझाकारांच्या भीतीनं ज्वारीत लपून एका भाकरीवर दिवस काढला होता. आता बांधावरच्या बाभळीवरून अबोला होता.

"दुसरा बैल आणा, म्हंजे त्याचं तोंड बघायला नगं," असं म्हणून बायकोनं, आवडाबाईनं, बन्सीला बाजारात धाडलं होतं. ते तोंड दिसत राहावं म्हणूनच बन्सी बैलांमध्ये खोट काढत होता.

"तुमचा फकिरा बघा, घातला बी रुमालाखाली हात," बद्रीनाथ म्हणाला.

बन्सी वळला. पलीकडे फकिराचा आणि व्यापाऱ्याचा हात रुमालाखाली होता. बोटांनी भाव ठरत होता. बैल देखणा होता. पण उजव्या कुशीचे केस गाडीच्या दांडीनं घासलेले. म्हणजे कायम डाव्या अंगाला जुंपलेला. फकिराच्या घरचा बैलही डावाच. ही जोडी जुळणार नव्हती. फकिराला पुन्हा बन्सीच्याच दारी यावं लागलं असतं.

बन्सीनं फक्त गप्प बसायचं होतं.

"फकिरा, हात काढ."

फकिरा दचकला.

"डाव्या अंगाचा हाय ह्यो. तुझा बी डावाच. दोघांची काय फुगडी घालतो का?"

व्यापारी उसळला. "ओ, तुमचं काय काम मधी?"

"थोरला भाऊ हाय मी त्याचा."

फकिरानं हात काढला. जमिनीकडं बघत म्हणाला, "मंग कोणचा घेऊ, दादा?"

बन्सीनं सारा बाजार पालथा घातला, बैल चालवून पाहिले. उन्हं उतरताना उजव्या अंगाचा एक गरीब बैल निवडला. भावासाठी रुमालाखाली हातही त्यानंच घातला.

"तुमी नाय घेतला?" कासरा धरत फकिरानं विचारलं.

"मनासारखा गावला नाय."

फकिरा थोडा घुटमळला. "बरं," म्हणाला आणि निघाला.

नवा बैल दोन पावलं गेला आणि अडला. फकिरानं ओढलं, तरी हलेना. त्यानं मागं वळून पाहिलं.

बन्सी पुढं झाला. बैलाच्या पाठीवर थाप मारून त्यानं त्याला चालता केला.