मधलीची सूचना

पाणीपुरवठ्याच्या तक्रारखोलीत तिघी फोन घेत. टेबलांच्या क्रमावरून त्यांना थोरली, मधली, धाकटी अशी नावं पडली होती, जणू एकाच घरच्या जावा. फोनवरचा माणूस शिव्यांवर आला, की जी ऐकत असेल ती नुसता हात वर करी आणि शेजारची तिच्या हातून रिसीव्हर घेई. साहेबांचा दंडक वेगळा होता: जिने फोन उचलला तिनेच तो निस्तरायचा. पण साहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं, त्यामुळे तिघींचं छान चाललं होतं.

मग नवी संगणक प्रणाली करायचं ठरलं. 'तुमच्यातली एक बैठकीला पाठवा' असा निरोप आला. त्या कचेरीत बैठकीत जो तोंड उघडेल त्याच्याच गळ्यात काम पडे, म्हणून जायला कुणी तयार होईना. मधली त्या दिवशी रजेवर होती. अर्थातच तिचं नाव गेलं.

"जा, मान हलव, चहा पी आणि ये," थोरलीने बजावलं. "आपलं ते मात्र सांगू नकोस हं, बये."

मधलीने इमानेइतबारे मान हलवली. पण नव्या पडद्याचा नमुना पाहिला आणि तिची मान हलायची थांबली. जी फोन उचलेल तिच्याच नावावर तो फोन अडकणार, संपेपर्यंत सुटका नाही. गप्प बसावं, तर एकमेकींना सोडवणंच बंद होणार.

"काही राहिलंय का?" संगणकवाल्याने अगदी मनापासून विचारलं.

तिने सांगून टाकलं.

बैठकीला बसलेले साहेब हसले. रागावले असते तर परवडलं असतं. "उत्तम सूचना!" म्हणाले. पडद्यावर फोन दुसरीला द्यायचं बटण आलं. ते दाबलं की कारण लिहायचं, आणि ते कारण थेट साहेबांपुढे जायचं. बटणाला कुणी बोटसुद्धा लावलं नाही.

दोघींचे डबे आता खिडकीपाशी उघडत. मधली जवळ गेली की गप्पा हवापाण्यावर येत. ती पार एकटी पडली. वाईट वाटे, आणि रागही येई. तिने असं कुणाचं घोडं मारलं होतं?

एका दुपारी कुणीतरी थोरलीच्या आईबापांचा उद्धार करत राहिला. शेवटी एकदाचा फोन संपला. मधली पाणी घेऊन धावली.

"अगं, घे ना."

थोरलीने डोळे पुसले आणि ताठ बसली.

"मला काही त्रास नाही, मॅडम," ती म्हणाली. "साहेबांना तसंच कळवा."