तेरणा पिऊन टाकणारं घराणं

“नर्सबाई, सांगितलं तर कुणाला पटायचं न्हाय,” खाटेवर मांडी ठोकून बेंबळीचे उत्तरेश्वरआबा म्हणाले, “पण ही समदी लघवी माझीच हाय!”

वनमाला नर्सनं मापाचं काचेचं भांडं उजेडात धरलं. चार दिवसांमागं जुलाबानं डोळे खोल गेलेले आबा बैलगाडीत आडवे पडून दवाखान्यात आले होते. जुलाब थांबले, पण पाणी म्हटलं की आबा तोंड फिरवत. पाणी प्यालं की दुखणं उलटतं, ही त्यांची जन्माची खात्री. जीभ अजून कोरडीठाक. डॉक्टरांनी बजावलं होतं, संध्याकाळपर्यंत लघवी भांड्याच्या रेघेला लागली तर सकाळी सुट्टी. नाहीतर पुन्हा सलाइनची सुई. आणि परवा तर येरमाळ्याला येडाईची पालखी! आबांनी ती उभ्या जन्मात चुकवली नव्हती. म्हणून नर्सबाईची पाठ वळताच त्यांनी गुपचूप माठावर जाऊन भांडं भरून आणलं होतं.

“सकाळपासून प्यालात अर्धा पेला,” वनमाला म्हणाली, “आणि बाहेर आले दोन?”

“आमचं घराणंच तसलं! माझ्या पणज्यानं तेरणा नदी एका दमात पिली. मासे तेवढे दाढंत अडकले.”

“अगबाई! घसा ओला करा, मग पुढचं सांगा.”

तिनं मीठ-साखर-लिंबाच्या पाण्याचा पेला पुढं केला. रंगात आलेल्या आबांनी तो कधी रिकामा केला, त्यांनाच कळलं नाही.

“निजामाचा तहसीलदार घोडं फेकत आला. म्हणाला, नदी वापस करो!”

“मग?” दुसरा पेला.

“पणजा म्हणाला, हुजूर, जरा तोंड तिकडं करा...” तिसरा पेला. “अन् काय लोंढा म्हणता! तहसीलदाराचं घोडं पवत पवत हैदराबादला गेलं!”

उन्हं कलेपर्यंत पणज्यानं आणखी दोन तळी संपवली आणि आबांनी चार पेले. मग गोष्ट अर्ध्यात टाकून, धोतर सावरत आबा पळाले. परतले ते भांडं दोन्ही हातांनी मिरवतच. पिवळसर, कोमट, रेघेच्याही वर!

“ही लिहिते. सकाळी सुट्टी,” वनमाला हसली. “मघाचं भांडं ओतून दिलंय.”

“का वो? ती बी माझीच की! रगतातच हाय आमच्या!”

पायथ्याशी बसलेल्या त्यांच्या कारभारणीला, द्वारकाबाईंना, आता हसू आवरेना.

“अवो, खोटं! मघाच्या भांड्यात माठातली वाळ्याची काडी तरंगत हुती!”