दिवाणखान्यात गळणारं रक्त

हे कुणाला पटायचं नाही. पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली नात तर आधीच नाक मुरडते आहे. तरी ऐका.

घरमालकाच्या पहिल्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात छतातून रक्त गळत होतं. बाहेर लख्ख ऊन आणि आत मेजावर टप, टप! माणसं खिडक्या-दारांतून लोंबकळत होती. मधोमध कफनीतला टकलू बाबा मंत्र म्हणत छाती बडवत होता. "हे छत नव्हे, मेलेल्याची छाती आहे! वरच्या बाईनं नवरा खाल्ला, तो आता पाझरतोय. फेका तिला खिडकीतून, थेंब थांबेल!"

वरची बाई म्हणजे म्हातारी विधवा भाडेकरू. घरमालकाला तिची खोली हवी होती आणि ती काही हलत नव्हती.

जमाव जिना चढला. म्हातारीला केसांना धरून खाली दिवाणखान्याकडे ओढलं. पायरीपायरीवर डोकं आपटत होतं. तेवढ्यात तिची भाची आली. भाची छपरं घालायची, गच्च्यांचे उतार काढायची. खांद्याला हत्यारांची पिशवी. तिनं केस धरणाऱ्याच्या मनगटावर हातोडा घातला. हाड मोडल्याचं बाबाच्या मंत्रातही ऐकू आलं. मग तिच्या पाठीत काठ्या बसल्या, ओठ फाटला.

"अरे, येतंय कुठून ते तरी बघा!" ती ओरडली.

"हिच्या खोलीतून!"

"हिची खोली मागं आहे. तुमच्या डोक्यावर उघडी गच्ची आहे, मेल्यांनो!"

"पोरी, रक्ताला रस्ता शिकवू नकोस," बाबा गुरगुरला.

"एक बादली ओतेपर्यंत थांबा. मी खोटी ठरले तर मावशीबरोबर मलाही फेका."

पहाऱ्याला जमावातला खाटीक सुरा घेऊन तिच्यामागे गच्चीवर गेला.

गच्ची मावशीच्या भिंतीला भिडते त्या सांध्यावर भाचीनंच कधीकाळी पत्र्याची पट्टी बसवली होती. वरची कड भिंतीच्या खाचेत दुमडलेली, म्हणजे भिंतीवरून उतरलेलं पाणी सांध्यात न शिरता गच्चीवर येईल आणि पावसाळी नळानं खाली गटारात जाईल. आता ती पट्टी पहारीनं उचकटलेली होती. नळाच्या तोंडात बाबाच्या कफनीच्या कापडाचा बोळा. आणि सांध्याशी लाल पाण्याचं तळं.

तिनं लाल पाणी पोत्यानं टिपलं, मावशीची कपड्यांची नीळ बादलीत कालवली आणि सांध्यावर ओतली.

खाली काहीच होईना. पाणी सावकाश झिरपतं. बाबाचे लांबलचक मंत्र तेवढ्यासाठीच तर होते! "फेका!" असा कल्लोळ उठला. भाचीनं कठड्यावरून वाकून पाहिलं. मावशी कमरेपर्यंत खिडकीबाहेर होती. पांढऱ्या केसांतून खरं रक्त रस्त्यावर ठिबकत होतं.

आणि एकदम सगळं चिडीचूप झालं.

बाबाच्या टकलावर थेंब पडला होता. जांभळा. पुढचा निळा. त्याच्या पुढचाही निळाच.

भाची धावत खाली आली. मावशीला आत ओढून तिनं विचारलं, "काय बाबा, भुताला शाई चढली?"

खाटकानं गच्चीवरच्या टाकीमागे दडलेल्या घरमालकाला कॉलर धरून आणलं. त्याचे हात कोपरापर्यंत लाल. झालं! त्याच काठ्या आता बाबावर उठल्या. भाची आडवी आली.

"हात खाली! मघाशी मावशीवर उठले ते हेच हात."

खाटकानं सुरा टाकला. "मला पहिल्याच थेंबाला कळलं होतं. रक्त गोठतं, हे गोठेना. पण सगळे निघाले, मीही निघालो."

बघा, एवढ्या गर्दीत एकानं जरी "असं कसं?" म्हटलं असतं, तर मावशीचं डोकं फुटलं नसतं. चमत्कार दिसला की गच्चीवर चढून बघा. काठी कोपऱ्यातच राहू द्या.

आणि बाबा? तो पळाला तो थेट गच्चीवर. भाचीनं नळातला बोळा उपसला, तुंबलेलं पाणी सुटलं आणि त्या लोंढ्यात बाबा कफनीसकट नळातून आख्खा गटारात गेला!

"खोटं, आजोबा!" नात ताडकन उठली. "नळ मनगटाएवढा आणि बाबा आख्खा? असं कसं?"